उपचार अडीच वर्षांचे, मदत दोन महिन्यांची

एखाद्या घरातल्या मुलाला रक्ताचा कर्करोग निघाला की इंदूरची मराठी माणसं धावून जातात. राजेंद्रनगर असो, लोकमान्यनगर असो की सुदामानगर, पहिले पंधरा दिवस त्या घरचा फोन खाली राहत नाही. कुणी डबा पोचवतं, कुणी आईच्या हातात पाकीट कोंबतं, कुणी मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाजवळ राहणाऱ्या भाच्याचा नंबर देतं, कुणी खजराण्याच्या गणपतीला नवस बोलून येतं. यातलं काहीच वरवरचं नसतं. पण मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, आणि त्याचे उपचार दोन ते अडीच वर्षं, काही मुलांत त्याहूनही थोडे जास्त चालतात. आपली धावपळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ओसरते. पुढची दोन वर्षं ते घर एकटं काढतं.

या पुढच्या दोन वर्षांची सोय लावल्याशिवाय आपण त्या कुटुंबाला मदत केली असं म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. ती सोय काही सरकारनं लावायची आहे, काही आपण. आज ती दोन्हीकडे लागलेली नाही.

हे उपचार कसे चालतात ते आधी बघू. पहिला महिना-सव्वा महिना सर्वांत धकाधकीचा. इंजेक्शनं, स्टेरॉइड, कमरेतून मणक्यात दिलं जाणारं औषध, रक्त, प्लेटलेट. त्यानंतर काही महिने ठरावीक दिवसांनी किमो, कधी डे केअरमध्ये, कधी भरती होऊन. आणि मग मेंटेनन्स, म्हणजे आजार परतू नये म्हणून घरी चालणाऱ्या गोळ्या. हाच टप्पा सर्वांत लांबतो, दीड ते दोन वर्षं. मूल घरी असतं, केस परत येतात, शाळा सुरू होते. जिन्यात भेटणारे म्हणतात, "बरा झाला ना आता? सुटलात हो वहिनी." घरात मात्र रोज रात्री गोळ्यांचा हिशेब चालू असतो. मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. मध्ये मध्ये रक्त तपासायचं. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, फार खाली गेले की गोळी थांबवायची, वर आले की डोस वाढवायचा, आणि हे सगळं डॉक्टर सांगतील तसंच.

राजेंद्रनगरातल्या एका आईची वही मी बघितली आहे. शाळेची साधी दोनशेपानी. डाव्या पानावर तारीख, वजन, काउंट. उजव्या पानावर सात खाने: सोम ते शुक्र एक गोळी, शनि-रवि अर्धी, आणि गोळी पोटात गेल्यावरच मारलेली बरोबरची खूण. एका पानावर घाईघाईत लिहिलेलं, 'ताप १०१, रात्री २.१०', आणि त्याखाली फक्त 'ॲडमिट'. वही उलटी धरली की मागच्या बाजूनं खर्च सुरू होतो. औषधांचा रकाना मला वाटला होता त्यापेक्षा बराच छोटा निघाला. लांब रकाना होता रिक्षा, रेल्वे, खोलीभाडं, बाहेरचं जेवण, शेजारच्या गावाहून आजीला आणायला केलेली गाडी यांचा. आणि जवळजवळ प्रत्येक महिन्यात एक ओळ: 'यांची रजा, बिनपगारी', पुढे दिवसांचा आकडा.

आपल्याकडे कॅन्सरचा खर्च म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दवाखान्याचं बिल येतं. आपल्या देणग्या, योजना आणि आवाहनं याच बिलाच्या मापाची असतात. मुलाच्या आजारात घर खचतं ते बऱ्याचदा या मागच्या पानांमुळे.

घर खचलं की काय होतं, यालाही वैद्यकात नाव आहे. बरा होण्यासारखा आजार असूनही उपचार सुरूच न करणं, किंवा सलग चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ ठरलेले उपचार चुकणं, याला उपचार सोडणं म्हणतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मुलं दगावण्यामागचं हे एक मोठं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, आणि बऱ्याच गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. ही दरी कमी व्हावी म्हणून २०१८ मध्ये संघटनेनं जागतिक मोहीम सुरू केली आणि २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुलं वाचावीत असं लक्ष्य ठेवलं. औषधं नवी सापडायची आहेत म्हणून हे अडलेलं नाही. या ल्युकेमियाची मुख्य औषधं अनेक दशकं जुनी आहेत, आणि मेंटेनन्सच्या गोळ्या त्यांतल्या स्वस्तात मोडतात. निदान उशिरा होतं, उपचार अर्धवट राहतात, ताप आलेलं मूल वेळेत पोचत नाही. मुलं तिथे हातची जातात.

गोळ्यांच्या बाबतीत तर ढिलाईला जागाच नाही. अमेरिकेत मेंटेनन्समधल्या मुलांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की, ज्यांच्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या पोटात गेल्या त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका अडीच पटींच्या आसपास वाढला होता. ९५ टक्के म्हणजे महिन्याला एक-दोन गोळ्यांची चूक. ज्या घरात आई रात्रपाळी करते, बाबा दुकान मिटवून अकराला येतात, धाकटी बहीण आत्याकडे ठेवलेली आहे, त्या घरात महिन्याला दोन गोळ्या चुकायला किती वेळ लागतो? अशा घरात संध्याकाळचा स्वयंपाक जर दुसऱ्या कुणी उचलला, तर तो उपचाराचाच भाग झाला असं मी समजते.

आता सरकारकडे येऊ. आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं. या योजनेनं हजारो घरं सावरली आहेत, तिला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण ती बांधलेली आहे भरतीच्या भोवती. भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि सुटी मिळाल्यानंतरचे १५ दिवस एवढाच बाहेरचा खर्च तिच्यात बसतो. दीड-दोन वर्षांचा प्रवास, राहणं, बुडालेला रोज यांचं तिच्याकडे उत्तर नाही. शिवाय आपल्या वस्त्यांतली कितीतरी घरं, खाजगी शाळेतले शिक्षक, दुकानातले हिशेबनीस, शिकवण्या घेणाऱ्या बायका, या यादीत बसतच नाहीत. गरीब म्हणून नोंद नाही आणि अडीच वर्षं पेलण्याइतकी पुंजी नाही.

रेल्वेचं मात्र कौतुक करायला हवं. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि एसी थ्री टायरमध्ये पूर्ण भाडं माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. अवंतिका एक्स्प्रेसनं संध्याकाळी निघून पहाटे मुंबईत उतरणाऱ्या इंदूरकरांना याचा केवढा आधार असतो! हा नियम ज्यानं लिहिला त्याला एक गोष्ट कळली होती: उपचारापर्यंत पोचणं हाही खर्च आहे, आणि सोबतच्या माणसाशिवाय रुग्ण जाऊ शकत नाही. हेच तत्त्व आपण गाडीच्या दारापाशी का सोडून देतो, हा माझा प्रश्न आहे.

पगाराचंच बघा. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यात २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत येतो. त्याला स्वतःला कर्करोग झाला आणि त्याची नोकरी-वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर दीर्घ आजाराच्या तरतुदीखाली त्याला पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. चांगली तरतूद आहे. पण आजार त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला झाला तर? मुलीवर उपचार होतील, कारण ती त्याची आश्रित आहे. त्याच्या बुडालेल्या पगाराचा एक रुपयाही मिळणार नाही, कारण तो स्वतः आजारी नाही. जणू सहा वर्षांची मुलगी एकटीच फाइल घेऊन काउंटरवर उभी राहणार आहे, एकटीच रात्री ताप मोजणार आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी नोकरीभरात ७३० दिवसांची रजा मिळते. खाजगी नोकरीतल्या, रोजंदारीवरच्या आईला तसं काहीच नाही. ईएसआयच्या त्या तरतुदीत 'अल्पवयीन मुलाचा कर्करोग' एवढी भर घालावी आणि पालकांपैकी एकाला वेतनभरपाई द्यावी, ही मागणी कामगार संघटनांनी आणि आपल्या खासदारांनी लावून धरावी. मुलांचे कर्करोग एकूण कर्करोगांच्या तुलनेत थोडे असतात. एवढ्या भरीनं ईएसआयच्या तिजोरीला भोक पडणार नाही.

"लोकांच्या हातात पैसे दिले तर ते भलतीकडेच जातील," असं म्हणणारे भेटतात. त्यांना क्षयरोगाचं उदाहरण द्यावं. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. दीर्घ उपचार मध्येच सुटू नयेत म्हणून घराला रोख आधार द्यावा लागतो, हे सरकारला पटलेलं आहे. ते कर्करोगाच्या मुलांनाही लावावं, एवढीच मागणी.

या पैशांचा सर्वांत जास्त उपयोग कुणाला होईल? मुलींना. भारतात दवाखान्यांच्या नोंदींत कर्करोग झालेल्या मुलींची संख्या मुलग्यांपेक्षा कमी भरते, आणि हा फरक निव्वळ आजाराच्या स्वभावानं समजावून देता येत नाही. उपचार महाग होत गेले, अंतर लांबत गेलं की तराजू आणखी मुलग्यांकडे झुकतो. "मुलीसाठी एवढं करायचं का?" असं कुणी तोंडानं म्हणत नाही. ते ठरतं खर्चाच्या त्या मागच्या पानांवर.

मुंबईला जाणं अगदी टाळता येणार नाही, पण कमी करता येईल. टाटा मेमोरियल १९४१ पासून उभं आहे आणि देशभरच्या रुग्णांचा भार वाहतं आहे. त्याच्याच पुढाकारानं २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड हे रुग्णालयांचं जाळं उभं राहिलं. उपचाराचा आराखडा मोठ्या केंद्रात ठरावा आणि मेंटेनन्स, रक्ततपासण्या, तापातली पहिली मदत मुलाच्या गावाजवळ मिळावी, ही रीत जगभर चालते. काउंट खाली असताना आलेला ताप म्हणजे तासाभरात अँटिबायोटिक सुरू करण्याची घाई. त्या तासात मुंबई उपयोगाची नाही. इंदूरमध्ये मोठे दवाखाने आहेत, मेडिकल कॉलेज आहे. मुलांच्या कर्करोगासाठी रात्री दोन वाजताही थेट वॉर्डपर्यंत नेणारी सोय त्यांत असावी, कॅज्युअल्टीच्या रांगेत कार्ड काढत बसावं लागू नये, हे मागायला आपल्याला नव्या इमारतीची वाट बघायची गरज नाही.

आणि आपण काय करायचं? ज्यांनी हे काम जवळून पाहिलं त्यांनी आधी छप्पर आणि चूल दिली. दादरला गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेनं टाटाच्या किती रुग्णांना आसरा दिला असेल! सेंट जूड्स ही संस्था २००६ पासून कर्करोगाच्या मुलांना आईवडिलांसकट, उपचार चालू असेपर्यंत विनामूल्य राहायला देते. मुंबईला निघणाऱ्या इंदूरकर कुटुंबाला ही नावं आपण पहिल्याच दिवशी सांगायला हवीत. भाच्याचा नंबर नंतर.

इथल्या इथे करण्याच्या गोष्टी तर फारच साध्या आहेत, आणि म्हणूनच बहुधा राहून जातात. आपली मंडळं दरवर्षी रक्तदान शिबिर भरवतात. चांगलंच आहे. पण या मुलांना लागणाऱ्या प्लेटलेट पाच दिवसांपुढे टिकत नाहीत. एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीननं काढलेल्या प्लेटलेट, हवी असते तेव्हा जुळणाऱ्या गटाचा एक निरोगी माणूस त्याच दिवशी तास-दीड तास मशीनवर बसायला हवा असतो. आज बाप ते माणूस शोधत फोन लावत बसतो, मुलाच्या उशाशी बसायचं सोडून. प्रत्येक मंडळाकडे गटवार, आधी तपासणी करून घेतलेल्या, खरोखर येणाऱ्या माणसांची यादी असावी, आणि फोन मंडळानं करावेत.

शाळांनी एक काम करावं. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला की उपचार चालू असलेल्या मुलाच्या घरी त्याच दिवशी कळवावं. इतरांना आठवडाभराचं दुखणं, पण या मुलाच्या ते जिवावर बेतू शकतं, आणि बचावाचं औषध संसर्गानंतर लवकर द्यावं लागतं. आपल्याकडे मात्र 'माता आली' म्हणून घरातल्या घरात ठेवतात, बाहेर बोलत नाहीत, परीक्षा जवळ असली तर लपवतातही. पालकांच्या सभेत वर्गशिक्षिकेनं हे एकदा समजावून सांगितलं तर पुरे, आजारी मुलाचं नावही घ्यायची गरज नाही.

भेटायला जाणाऱ्यांनी घोळक्यानं जाऊ नये. काउंट खाली असताना मुलाला गर्दीची बाधा होते. खोकणाऱ्या माणसानं तर दारातूनच परतावं. आणि सल्ले आवरावेत. अमुक गावचा वैद्य, तमुक रस, 'किमोनं शरीर जळतं हो, त्यापेक्षा...' अशी वाक्यं ऐकून खचलेल्या आईबापांनी गोळ्या थांबवल्या तर त्याचं पाप कुणाच्या माथी? त्याहून वाईट म्हणजे आईला विचारणं, की पोटुशी असताना काय खाल्लंस. मुलांच्या बहुतेक कर्करोगांचं कारण अजून कळलेलं नाही. सुमारे दहा मुलांतल्या एकात जनुकीय कल आढळतो. आईच्या खाण्यापिण्याकडे बोट दाखवायला कुठलाच आधार नाही. तो प्रश्न ऐकून गप्प झालेली बाई मी समोर बसलेली पाहिली आहे, आणि विचारणाऱ्या मावशी जवळच्याच होत्या.

फोटोंचंही बोलायला हवं. केस गेलेल्या, नाकात नळी असलेल्या लेकराचा फोटो, नाव आणि शाळा घालून गटागटांत फिरतो. पैसे त्याशिवाय जमत नाहीत, असं सांगतात, आणि अडलेल्या बापाला मी दोष देणार नाही. पण दोन वर्षांनी ते मूल सातवीत बसेल तेव्हा वर्गातल्या प्रत्येक घरी तो फोटो गेलेला असेल. मंडळाच्या कोषाध्यक्षांनी फाइल तपासली, डॉक्टरांशी बोलून घेतलं आणि सभासदांना एवढंच कळवलं की एका कुटुंबाला अडीच वर्षं दरमहा रक्कम द्यायची आहे, तर लोक देणार नाहीत? माझ्या अनुभवात इंदूरचे लोक देतात. एकरकमी मोठा चेक देण्यापेक्षा महिन्याला थोडी रक्कम देणं मध्यमवर्गीय सभासदाला सोपंही जातं, आणि घेणाऱ्याला पुढच्या महिन्याची खात्री मिळते.

आणखी एक. आपल्याला जशी मुंबई, तसं झाबुआ-अलीराजपूरच्या, खरगोनच्या माणसाला इंदूर. एमवाय या इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात चादर पसरून बसलेली ती माणसं आपल्या समाजाची नाहीत, भिली किंवा निमाडी बोलतात, म्हणून आपला हिशेब त्यांच्यापाशी थांबू नये. दादरच्या धर्मशाळेत इंदूरच्या माणसाला कुणी जात-भाषा विचारून खोली दिली नव्हती. आपल्या कितीतरी वास्तू, सभागृहं, देवस्थानांच्या खोल्या वर्षातले बरेच दिवस रिकाम्या असतात. त्यांतल्या दोन खोल्या, स्वच्छ संडास, उकळलेलं पाणी आणि एक गॅसची शेगडी एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

एक व्यवहाराची सूचना. ही कामं अध्यक्षांच्या फोनवर चालवू नयेत. कार्यकारिणी बदलते, फोन बदलतो, आणि पहिल्या वर्षी ज्याला डबा जात होता त्याचं नावही पुढच्यांना ठाऊक नसतं. एक रजिस्टर ठेवावं. ज्या घराची जबाबदारी घेतली त्याच्या नावापुढे, डॉक्टरांना विचारून, उपचार संपण्याची अंदाजे तारीख पहिल्याच दिवशी लिहावी. तोवर त्या घराचा विषय मंडळाच्या प्रत्येक मासिक बैठकीत निघावा, आणि निवडणूक झाली तर नव्या कार्यवाहांनी ते रजिस्टर सही करून ताब्यात घ्यावं.